गॅस भरण्याआधी

ईस्टर्न फ्रीवेवर गाडी वेगात असेपर्यंत एसी गार वारा देतो. पांजरापोळचा बोगदा ओलांडून ती शिवाजीनगरपाशी खाली उतरते, घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडच्या रांगेत उभी राहते आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डच्या जाळीतून कोमट हवा यायला लागते. शहरात टॅक्सी किंवा स्वतःची गाडी चालवून संध्याकाळी गोवंडीला परतणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. नीट ऐकली तर त्या तक्रारीतच निम्मं निदान असतं. पण तक्रार सांगून झाली की तोच माणूस गॅरेजवाल्याला म्हणतो, "गॅस मारून द्या." आणि गॅरेजवालाही मारून देतो.

ही पुस्तिका 'गॅस मारून द्या' या वाक्याशी भांडण मांडते.

वरच्या गाडीचंच बघू. कॉम्प्रेसर गॅस दाबतो तेव्हा गॅस तापतो. ती उष्णता बाहेर टाकण्याचं काम रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर करतो. फ्रीवेवर समोरून येणारा वाराच त्याला पुरतो. पंखा मेलेला असला तरी पत्ता लागत नाही. लिंक रोडवर गाडी उभी राहिली की सगळा भार पंख्यावर येतो. पंख्याची मोटर गेली असेल, रिले जळाला असेल, किंवा पंखा फिरतोय पण कंडेन्सरच्या फिनांमध्ये धूळ आणि किडे बसून वाट बुजली असेल, तर उष्णता आतच राहते. हाय साइडचा, म्हणजे कॉम्प्रेसरनंतरच्या बाजूचा, दाब चढत जातो आणि एका मर्यादेनंतर प्रेशर स्विच कॉम्प्रेसरच बंद करतो. या गाडीत गॅस कमी नाहीच. तिच्यात आणखी गॅस घातला तर दाब आणखी चढेल, स्विच आणखी लवकर तोडेल, आणि मालक दुसऱ्या गॅरेजकडे जाऊन पुन्हा तेच वाक्य म्हणेल.

इथे एक खोच आहे, ती लपवत नाही. गॅस थोडा कमी असलेली गाडीसुद्धा वेगात बरी वाटते, कारण इंजिनाबरोबर कॉम्प्रेसर जोरात फिरतो. मग दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? गाडी उभी, इंजिन चालू, एसी चालू, हवा कोमट. अशा वेळी पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू ओतायचं. मिनिट-दोन मिनिटांत आतली हवा गार झाली तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे. पंखा आणि फिना बघा. काहीच फरक पडला नाही तर पुढच्या शंका घ्या. या परीक्षेला गेज लागत नाही, मशीन लागत नाही. एवढंच सांभाळायचं की पंखा कधीही आपोआप सुरू होतो, तेव्हा हात, ओढणी, मफलर त्याच्या जवळ न्यायचा नाही.

गाडीत गारवा ही चैनीची गोष्ट होती तो काळ फार जुना नाही. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने १९३९ च्या सुमारास पहिल्यांदा कारखान्यातून एसी बसवलेल्या गाड्या जाहीर केल्या. त्या यंत्राला कॉम्प्रेसर पट्ट्यापासून सोडवणारा क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा काढून ठेवावा लागे. आपल्याकडे पुढच्या काळात गोवंडीपासून हाकेच्या अंतरावर, कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये पद्मिनी तयार होत होती. काळ्यापिवळ्या पद्मिनीत गारवा म्हणजे पुढच्या दारातली छोटी त्रिकोणी काच वळवून अंगावर घेतलेला वारा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. दरम्यान निळ्या-रुपेरी कूल कॅब आल्या, मग मोबाइलवरून बोलावायच्या गाड्या आल्या आणि गारवा भाड्यात धरला जाऊ लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे पहिल्या दीड किलोमीटरला काळ्यापिवळ्या टॅक्सीचं भाडं ३१ रुपये आणि कूल कॅबचं ४८. मधले सतरा रुपये थंड हवेचे. ज्याच्या गाडीचा एसी मे महिन्यात बसला, त्याच्यासाठी हा हौसेचा प्रश्न उरत नाही. प्रवासी बसतो, काच खाली केलेली बघतो आणि कुरकुरतो, क्वचित उतरूनही जातो. म्हणून तो चालक घाईत असतो, आणि घाईतल्या माणसाला "गॅस मारला, झालं" हे ऐकायला फार आवडतं.

तेव्हा या गॅसबद्दल दोन गोष्टी सुरुवातीलाच स्पष्ट केलेल्या बऱ्या.

पहिली, तो खर्च होत नाही. पेट्रोल जळतं, गॅस फिरतो. इंजेक्शनाआधी दंडावर चोळलेला स्पिरिटचा बोळा गार लागतो, कारण स्पिरिट उडताना कातडीची उष्णता घेऊन जातं. डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये हेच चालतं, फक्त तिथे उडालेला पदार्थ वाया न जाता परत कॉम्प्रेसरकडे येतो, दाबला जातो, कंडेन्सरमध्ये पुन्हा द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून परत कॉइलमध्ये सुटतो. आज रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए नावाचा गॅस असतो आणि मोकळ्या हवेत तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षाकाठी किंचित झिरपा होतो, तो सोडला तर दहा वर्षांतही त्याला कमी व्हायचं कारण नाही. दरवर्षी उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर त्या गाडीला भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणारा गॅरेजवाला दरवर्षीचं गिऱ्हाईक राखतो, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते, आणि मला ती या पुस्तिकेतली सगळ्यात कामाची वाटते. बंद गाडीला गेज लावून "गॅस आहे की नाही" बघता येतं, "किती आहे" ते बघता येत नाही. भांड्यात थोडा जरी द्रव शिल्लक असेल तोवर आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४ए चा दाब ९५-१०० पीएसआयच्या आसपास असतो, मग त्या गाडीत ४५० ग्रॅम गॅस असो की २००. दोन्ही गाड्यांवर काटा एकाच जागी थांबेल. बॉनेट उघडून, गेज लावून, काट्याकडे बघून "अर्धा गॅस गेलाय" असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अंदाज सांगतोय. गॅस मोजायचा तो वजनाने. आधी होता तेवढा मशीनने काढून घ्यायचा, तो किती ग्रॅम निघाला ते लिहून ठेवायचं, आणि बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर कंपनीने जेवढे ग्रॅम छापलेत तेवढेच काट्यावर तोलून घालायचे. छोट्या गाडीत हा आकडा बऱ्याचदा अर्ध्या किलोच्या आतच असतो. इतक्या थोड्या मालात पन्नास-शंभर ग्रॅम इकडेतिकडे झाले की फरक पडतो, आणि जास्तीचा गॅस कमी गॅसइतकाच वाईट.

चालू गाडीवर मात्र गेज खरं बोलतो. लो साइड (कॉम्प्रेसरच्या आधीची) आणि हाय साइड, दोन्हींचा दाब कमी, म्हणजे गॅस गळलाय. दोन्ही जास्त, म्हणजे कंडेन्सर कोंडलाय, किंवा कुणीतरी गॅस जास्त घातलाय, किंवा आत हवा शिरलीय. लो चढलेला आणि हाय उतरलेला, दोघे एकमेकांकडे सरकलेले, तर कॉम्प्रेसर दाबतच नाही. लो साइडचा काटा शून्याखाली व्हॅक्यूमकडे गेला तर वाट कुठेतरी बंद झालीय, बहुधा एक्स्पान्शन व्हॉल्व्हशी. याचा तक्ता आत दिला आहे. मात्र गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेले छापील तक्ते डोळे मिटून वापरू नयेत. त्यातले बरेच तक्ते २५ अंशांच्या आणि कोरड्या हवेच्या हिशेबाने केलेले असतात. गोवंडीच्या मे महिन्यात हाय साइडला २००-२५० पीएसआय दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

दमटपणाचा मुद्दा इथेच येतो. खाडीला लागून असलेल्या या भागात एसीची बरीच ताकद हवा गार करण्याआधी तिच्यातलं पाणी काढण्यात जाते. नागपूरला ४४ अंशांत जी गाडी झटकन गार होते, तीच इथे ३४ अंशांत दमते, आणि मालकाला वाटतं एसीत बिघाड आहे. या दमटपणाचा एक फुकटचा फायदा मात्र आहे. एसी नीट चालत असेल तर दहा-पंधरा मिनिटांत गाडीखाली पाणी ठिबकायलाच हवं. ठिबकत असेल तर कॉइल गार आहे, आणि तरीही आत गरम होत असेल तर दोष कॉइलच्या पुढे आहे: ब्लोअर, फिल्टर किंवा हवेची दिशा बदलणारा फ्लॅप. ठिबकत नसेल आणि शेजारच्या सीटखालची मॅट ओली असेल तर ड्रेन पाइप चोंदलाय. हे पाणी बघून "गॅस लीक होतोय" म्हणत धावत येणारे लोकही कमी नाहीत; गॅस गळला तर थेंब पडत नाहीत, फार तर सांध्यापाशी तेलकट काळा डाग दिसतो.

फ्लॅपबद्दल एवढंच सांगतो की मुंबईत हीटरचं बटण वर्षभर कुणी फिरवत नाही. म्हणून ते चुकून लाल बाजूला सरकलं, किंवा स्टिरिओ बसवताना कुणी फ्लॅपच्या मोटरची वायर ओढली, तर संशय तिथे जातच नाही. आधी तिथे बघावं. पाच सेकंदांचं काम आहे.

गोवंडीचा स्वतःचा असा एक अध्याय पुस्तिकेत आहे आणि तो वाचकांनी वगळू नये. देवनारचं डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून इथे आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर मुंबईभर पसरला होता. इथल्या लोकांसाठी वास आणि धूर ही रोजचीच बाब. म्हणून इथला प्रत्येक चालक आतलीच हवा फिरवत ठेवण्याचं बटण कायम दाबून ठेवतो. एसीच्या दृष्टीने ते चांगलंच, कारण गार झालेली हवा पुन्हा गार करणं सोपं असतं. पण चार माणसं बसलेल्या बंद गाडीत तास-दीड तास हे बटण दाबलेलं राहिलं की कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं जड होतं, झोप येते. रस्ता बरा लागला की थोडा वेळ बाहेरची हवा घेत जा. बटण कितीही दाबलं तरी लिंक रोडवरच्या कचऱ्याच्या आणि डेब्रिजच्या ट्रकांची धूळ आत येतेच. ती केबिन फिल्टरमध्ये बसते, आणि ज्या गाड्यांत फिल्टरच नाही, किंवा "कशाला पाहिजे" म्हणून काढून टाकलाय, तिथे थेट कूलिंग कॉइलवर. ओल्या कॉइलवर धुळीचा चिखल होतो, त्यात खाडीच्या खाऱ्या हवेतलं मीठ मिसळतं आणि ॲल्युमिनियमला बारीक भोकं पडतात. कॉइल बदलायची म्हणजे डॅशबोर्ड उतरवायचा. फिल्टर बदलायचा म्हणजे ग्लोव्ह बॉक्स उघडायचा. कंपनीच्या पुस्तकातली फिल्टरची मुदत इथे निम्मी धरावी असं माझं मत आहे.

उंदरांचाही उल्लेख करायला हवा. रात्री नाल्याकाठी लावलेल्या गाडीत ते ऊब शोधत इंजिनापाशी चढतात आणि प्रेशर स्विचच्या, क्लचच्या वायरी कुरतडतात. सकाळी एसीचं बटण दाबलं की कॉम्प्रेसरचा नेहमीचा 'टक' आवाज येत नाही. त्या एका कुरतडलेल्या वायरीपायी कॉम्प्रेसर बदलून घेतलेले लोक आहेत. तेव्हा 'टक' ऐकू आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग वायर, मग दाब. कॉम्प्रेसरचा नंबर सगळ्यात शेवटी. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला क्लचच नसतो, तिथे 'टक' कधीच येत नाही. आपली गाडी कोणत्या जातीची ते आधी माहीत करून घ्यावं.

कॉम्प्रेसर खरोखरच गेला असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना आणून बसवण्याकडे कल असतो. त्याला माझा विरोध नाही. टॅक्सीवाल्याच्या खिशाला नवा परवडत नाही हे समजतं. पण मेलेल्या कॉम्प्रेसरने मरताना धातूचा भुगा सगळ्या पाइपांत सोडलेला असतो. लाइन फ्लश न करता, ओलावा शोषणारा ड्रायर न बदलता, तेल न मोजता जुना कॉम्प्रेसर चढवला तर तोही थोड्याच महिन्यांत जातो, आणि मग दोष सीएसटी रोडला दिला जातो.

गळती शोधण्याचं प्रकरण लांब आहे आणि ते लांब ठेवलं आहे, कारण खरी विद्या तिथे आहे. जुने मिस्त्री दिव्याची ज्योत पाइपाजवळ फिरवायचे. गॅस गळत असेल तर ज्योत हिरवी व्हायची. तो आर-१२ चा काळ. त्या गॅसमध्ये क्लोरीन होतं, त्यानेच ओझोनच्या थराला भगदाड पाडलं आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो जगभरातून हद्दपार होत गेला. भारताने त्या जातीच्या गॅसांचं उत्पादन २००८ मध्ये थांबवलं. आर-१३४ए मध्ये क्लोरीन नाही, त्यामुळे ज्योत आता काहीच सांगत नाही. उलट जळलेल्या गॅसपासून विषारी वाफा होतात, म्हणून एसीच्या पाइपाजवळ आग नेऊच नये. आज साबणाचा फेस, नायट्रोजनचा दाब, चमकणारा रंग आणि निळा टॉर्च, किंवा इलेक्ट्रॉनिक नाक, यांतलं जे परवडेल ते वापरावं. गळती बुजवल्यावर व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालू द्यावा, पावसाळ्यात त्याहून जास्त. पंप फक्त हवा काढत नाही, दाब उतरवून आतलं पाणी उकळवून बाहेर काढतो. ते राहिलं तर व्हॉल्व्हपाशी बर्फ होऊन बसतं: एसी चालतो, बंद पडतो, बर्फ वितळला की पुन्हा चालतो, आणि माणूस वेडा होतो. शिवाय ओलाव्याचं गॅसशी आणि तेलाशी मिळून आम्ल होतं, ते आतून खात राहतं.

याच्याशी चुकून गल्लत होईल असं आणखी एक लक्षण आहे. लांबच्या प्रवासात हवेचा झोत हळूहळू मंदावतो, ब्लोअर पूर्ण जोरात असूनही; एसी पंधरा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा नीट. इथे कॉइलच्या बाहेरून बर्फ जमलाय. गॅस ठीक आहे, कॉइलचा तापमान सेन्सर किंवा कोंडलेला फिल्टर बघा.

स्वस्त गॅसबद्दल थोडं कडक लिहिलं आहे आणि ते मुद्दाम. बनावट आर-१३४ए च्या डब्यांत कधी जळणारा गॅस निघतो, कधी मिथाइल क्लोराइड. हे दुसरं ॲल्युमिनियमशी मिळून असा पदार्थ तयार करतं जो हवा लागताच पेट घेतो. २०११ मध्ये असा भेसळीचा गॅस भरलेले जहाजी रेफ्रिजरेटेड कंटेनर फुटून माणसं दगावली. गाडीचा कॉम्प्रेसरही ॲल्युमिनियमचाच असतो. तेव्हा डबा सीलबंद आहे का ते बघा, आणि भाव संशय येण्याइतका कमी असेल तर तो संशय खरा माना. खरा गॅसही हवेत सोडून देण्याची वस्तू नाही: एक किलो आर-१३४ए हवेला सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. छोट्या गाडीतला ४५० ग्रॅम गॅस "काढून टाक रे" म्हणत फुस्स करून सोडला की सहाशेहून अधिक किलोंचा हिशेब लागतो. मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, त्यामुळे हा गॅसही हळूहळू कमी होत जाणार. परदेशातल्या बऱ्याच नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ आला आहे. तो जुन्या गाडीत ओतायचा नसतो, जुना त्याच्यात ओतायचा नसतो, आणि तो काही प्रमाणात पेटतो.

पुस्तिकेतला क्रम कान, डोळे, हात आणि मग गेज असा आहे. ऐकून, बघून आणि पाइपाला हात लावून जे कळतं ते आधी. इंजिनाकडून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या दोन पाइपांपैकी जाड पाइप गार आणि घामेजलेला लागला, बारीक पाइप गरम लागला, तर निम्म्याहून जास्त शंका तिथेच फिटतात. गॅस उघडण्याचं, भरण्याचं काम वाचकाने घरी करावं असं कुठेही सुचवलेलं नाही. निसटता गॅस बोटावर आला तर कातडी गोठते, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. ते काम गॅरेजचंच. मालकाने तिथे काय विचारावं आणि बिलावर काय लिहून मागावं, एवढं या पानांतून मिळेल: किती ग्रॅम निघाला, किती घातला, गळती कुठे होती, व्हॅक्यूम किती वेळ ठेवला.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांना मात्र एकच पान दिलं आहे. त्यांचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरत नाही, बॅटरीच्या शेकडो व्होल्टवर फिरतो. नारिंगी केबल दिसली की पाना खाली ठेवायचा. त्यात एसीच्या कॉम्प्रेसरचं नेहमीचं पीएजी तेलही चालत नाही, कारण त्यातून वीज वाहू शकते आणि आतली मोटर निकामी होते. एका गाडीतून काढलेली नळी न धुता दुसरीला लावली तरी तेवढं तेल पुरतं. अशी गाडी आली तर तिच्यासाठी वेगळं मशीन, वेगळं तेल आणि तसं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे का, ते आधी विचारा. नसेल तर गाडी पुढे न्या.